मधला बॉल कोणी घ्यायचा

एकेरीचा खेळाडू माझ्या टेबलापाशी येतो, रॅकेट ठेवतो, आकडा सांगतो आणि चालायला लागतो. दुहेरीचे खेळाडू येतात ते संसार घेऊन येतात. एक रॅकेट ठेवतो, दुसरा त्याच्याकडे बघतो. एक म्हणतो, काकू, जरा घट्ट करा. दुसरा म्हणतो, कशाला घट्ट, आधीच तुझे सगळे बॉल जाळीत अडकतात. मग दोघं माझ्याकडे बघतात, जशी काही मी न्यायाधीश. मी गटिंगवाली बाई हो! मी तार ओढते.

गटिंग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या शेजारच्या वहिनींना इतकी वर्षं वाटत होतं की मी रॅकेटी रंगवते. टेनिसच्या रॅकेटची चौकट कंपनी बनवते, आतली जाळी माणूस विणतो. चौकट मशीनवर आवळायची, आधी उभ्या तारा भरायच्या, मग आडव्या, एक वरून एक खालून, टोपली विणतात तशा. प्रत्येक तार मशीनने ठरलेल्या वजनाने ओढायची, चिमट्यात धरायची, शेवटी गाठ मारायची. किती वजनाने ओढायची ते खेळाडू सांगतो, पौंडांत. घट्ट ओढली की बॉल ताब्यात राहतो पण हाताला हिसका बसतो. सैल ठेवली की बॉल उडतो. इतकंच शास्त्र. बाकी सगळे मानापमान.

मी हे कुणाकडे शिकले नाही. आमच्या यजमानांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, कॅरमबोर्ड, बॅटी, शाळांचे कप. त्यांनी हौसेने मशीन आणलं आणि पहिल्याच रॅकेटला तार तुटून नाकावर बसल्यावर ते जे मशीनपासून लांब गेले, ते गेलेच. मशीन पडून राहिलेलं मला बघवेना. जुन्या रॅकेटींची जाळी सोडवायची, कशी भरलीय ते बघायचं, पुन्हा भरायची. आमटी गॅसवर आणि मी मशीनवर. पुढे वर कातळाच्या सड्यावरच्या आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये इनडोअर टेनिसचा हॉल झाला, दोन कोर्ट, वर पत्रे, आणि दरवर्षी तिथे रोख बक्षिसांची स्पर्धा व्हायला लागली. पुणे, मुंबई, कोल्हापूर, कुठून कुठून पोटापाण्यासाठी खेळणारी मुलं येतात. कोर्टच्या कडेला खुर्च्यांशेजारी माझं टेबल. गळ्यात संयोजकांचा बिल्ला. सगळे मला गटिंगकाकू म्हणतात. माझं खरं नाव त्या बिल्ल्यावर आहे, पण तो कोण वाचतो?

गिऱ्हाइकं एकेक अशी की डोकं फिरावं. हरलेला माणूस हमखास येऊन म्हणतो, काकू, तार सैल होती. जिंकलेल्याच्या तोंडून तारेचं नाव मी अजून ऐकलेलं नाही. आपल्या इथल्या दमट खाऱ्या हवेत कोरड्या हवेतल्या मुलांच्या रॅकेटी वेगळ्या लागतात, तेही माझ्याच माथी. एकाने मला विचारलं, काकू, हवा जरा कोरडी नाही का होणार? मी म्हटलं, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जा, तिथे सुकटीसाठी सगळ्यांना तेच हवंय, रांगेत उभा राहा.

एक जोडी होती, तिने हट्ट धरला की दोघांच्या रॅकेटी एकाच रिळातून सलग कापलेल्या तारेने भरा, म्हणजे खेळात एकी राहील. भरल्या. पहिल्याच सामन्यात इतके भांडले की एकजण परत आला नि म्हणाला, काकू, त्याच्या रिळातली तार माझ्या रॅकेटमधून काढून टाका. आणखी एक महाभाग गुपचूप येऊन म्हणाला, माझ्या पार्टनरच्या रॅकेटमध्ये दोन पौंड वाढवा, त्याला सांगू नका. नवऱ्याच्या चहात चोरून साखर कमी करायला सांगावी तसं! मी त्याला हाकलला.

पण या सगळ्यांनी मिळून मला जेवढं छळलं नसेल, तेवढं आमच्या गावच्याच जोडीने छळलं. विनायक आणि ओंकार. विनायक हॉलवर मुलांना शिकवतो, चाळिशीला आलेला, सरळ माणूस, उजवा खांदा कुरकुरणारा. त्याची बायको प्राची. ओंकार हा प्राचीचा धाकटा भाऊ. म्हणजे विनायक जावई आणि ओंकार मेव्हणा. ओंकार शाळेत असताना भावोजींच्या मागून कोर्टवर आला, भावोजींनीच त्याच्या हातात रॅकेट दिली, आणि मुलगा असा निघाला की बघत राहावं. आता तो यावरच जगतो, गावोगाव खेळतो. पण दुहेरी मात्र भावोजींबरोबर.

आणि इथेच सगळं घोडं अडलं होतं. दुहेरीत दोघांच्या मधून जो बॉल जातो तो कोणी घ्यायचा हा मोठा प्रश्न असतो. साधारण रीत अशी की ज्याचा फोरहँड मधल्या बाजूला, त्याने घ्यायचा. ओंकार डाव्या बाजूला उभा राहतो, उजव्या हाताने खेळतो, म्हणजे मधला बॉल सरळसरळ त्याचा. पण आपल्याकडे जावयाचा मान! घरी पंगतीत पहिलं पान भावोजींचं, गाडीत पुढची सीट भावोजींची, आणि कोर्टवर मधला बॉलही भावोजींचा. ओंकार रॅकेट मागे घ्यायचा. समोरचे दोघं "माझा!" "सोड!" असं एका शब्दात उरकायचे. आमचा हा म्हणायचा, "भावोजी, तुम्ही घेता का?" वाक्य पुरं होईपर्यंत बॉल मागच्या पडद्यावर. विनायकही कमी नाही. याने सोडला म्हणून तो म्हणणार, "अरे तू घे ना," आणि तोही थांबणार. ताटातल्या शेवटच्या लाडवासाठी चाललेला आग्रह नुसता. लाडू निदान ताटात राहतो.

प्राचीला मी एकदा म्हटलं, "गो, घरी तरी भांडतात का हे दोघं?"

ती म्हणाली, "काकू, नाही भांडत. तीच तर पंचाईत आहे."

यंदाच्या स्पर्धेत हे दोघं उपांत्य फेरीपर्यंत पोचले, तेही ओंकारच्या सर्व्हिसच्या जोरावर. समोर पुण्याचा केदार आणि त्याचा जोडीदार. सामन्याच्या दिवशी सकाळी ओंकार माझ्याकडे रॅकेट घेऊन आला आणि हलेच ना.

"काय रे, आकडा सांग आणि जा."

"काकू, कुणाला सांगणार नाही ना?"

मी कपाळाला हात लावला. या टेबलाशी येऊन माणसं काय काय ओकतात! हात तारेत अडकलेले असतात, उठून जाता येत नाही, म्हणून बहुतेक.

"केदारचा पार्टनर खेळणं सोडतोय," ओंकार म्हणाला. "केदारने मला विचारलंय. वर्षभर बरोबर खेळू म्हणतोय. मोठ्या स्पर्धांना थेट प्रवेश मिळेल. आजचा सामना झाला की उत्तर हवंय त्याला. नाही म्हटलं तर तो दुसरा शोधणार."

"मग जा की."

"आणि भावोजी?"

"भावोजींना सांगितलंस?"

"कसं सांगणार? त्यांनी मला खेळ शिकवला. ताईला काय वाटेल?"

"मेल्या, मग मला कशाला सांगतोस? मी तार भरते, सोयरिकी जुळवत नाही."

तो गेला. मी दोन तारा भरते न भरते तोच विनायक आला. त्याच्याही हातात रॅकेट. तोही हलेना. मी मनात म्हटलं, देवा, आता हा.

"काकू, एक विचारू? ओंकार माझ्यात अडकलाय ना हो?"

मी पुढची तार चिमट्यात धरली.

"केदारने त्याला विचारलंय. केदारच बोलला मला, सहज. पण हा पोरगा मला काही सांगत नाही. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे हा. त्याने एक शब्द टाकला तर मी आनंदाने बाजूला होईन."

"मग तूच सांग ना त्याला, जा म्हणून."

"मी सांगितलं तर त्याला वाटेल मला तो नकोय. प्राचीला वाटेल मी रुसलोय. जावयाने आपण होऊन असं बोललं की घरात त्याचा वेगळाच अर्थ निघतो. तुम्ही काही बोलू नका हं त्याला."

झालं! दोघांनाही सगळं ठाऊक, दोघांनाही तेच हवं, आणि दोघांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलेलं. अशा वेळी गाठ इतकी करकचून बसते की काही विचारू नका.

सामना सुरू झाला. समोरच्यांना आमच्या जोडीचं दुखणं लगेच कळलं. केदार हुशार, एकेक बॉल बरोबर दोघांच्या मधून. "भावोजी, तुम्ही..." पडद्यावर. "अरे घे ना..." पडद्यावर. पहिला सेट असाच गेला. माझ्या टेबलावर एका मुलाची रॅकेट अर्धी भरलेली, चिमट्यात तार, आणि माझं लक्ष सगळं कोर्टवर. दुसऱ्या सेटला सुरुवात झाली नि पुन्हा तसाच बॉल आला, आणि दोघं एकमेकांकडे बघत उभे. माझ्या तोंडातून निघून गेलं, आणि निघालं ते सगळ्या हॉलभर, पत्र्याखाली आवाज घुमतो तसा:

"अरे शिंच्यांनो, कोणीतरी एकाने घ्या तो बॉल!"

हॉल हसला. खुर्चीतले पंच हसले नाहीत. या स्पर्धेत खेळाडूला बाहेरून सूचना द्यायला बंदी. त्यांनी माइकवर आमच्या जोडीला ताकीद दिली आणि मला वरून म्हणाले, "काकू, तुम्ही संयोजकांचं माणूस. गळ्यात बिल्ला आहे तुमच्या. पुन्हा बोललात तर टेबल बाहेर."

मी म्हटलं, "ही सूचना नव्हती, वैताग होता."

"वैतागही बाहेर."

ओंकारचे कान लाल झाले. विनायकही खाली बघायला लागला. आणि मग काय झालं असेल? दोघांनी एकदमच मनावर घेतलं. इतका वेळ कोणी घेत नव्हतं, आता दोघंही प्रत्येक बॉलवर तुटून पडायला लागले. एकमेकांच्या अंगावर आदळत, पण बॉल परत जायला लागला. समोरचे गोंधळले, कारण आता कोण कुठून येईल तेच कळेना. दुसरा सेट आमच्यांनी घेतला, पण शेवटच्या पॉइंटला दोघं एकाच बॉलवर धावले आणि रॅकेटवर रॅकेट असा काही आवाज झाला की मी टेबलापासून उठलेच. बॉल जाळीवरून पलीकडे पडला खरा, पण विनायकच्या रॅकेटची चौकट चिरली.

आता निर्णायक टायब्रेक, दहा पॉइंटांचा. मुलं गरम झालेली, हॉल भरलेला. आणि नेमके त्याच वेळी संयोजक माइक घेऊन पुढे आले. प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय, तेव्हा सत्कार आत्ताच उरकून घेऊ. शाल, श्रीफळ, आंब्याची पेटी. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि आपण लहानपणी विटीदांडू कसे खेळायचो ते सांगू लागले. पंच खुर्चीत डोकं धरून बसले. खेळाडूंच्या अंगावरचा घाम वाळत चालला. मला उठून त्या नारळाने काय करावंसं वाटलं ते लिहीत नाही.

विनायक चिरलेली रॅकेट घेऊन माझ्या टेबलाशी आला. पाठोपाठ ओंकार. "भावोजी, लागलं का हाताला?"

"हाताला नाही लागलं," विनायक म्हणाला आणि एकाएकी त्याचा आवाज चढला. मी तो चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. "तुझा होता तो बॉल! तुझा फोरहँड. मीच शिकवलंय ना तुला, मधला कोणाचा ते?"

"मग तुम्ही का धावलात?"

"तू सोडशील म्हणून! नेहमी सोडतोस म्हणून!"

"तुमच्या पुढ्यातून कसा घेऊ?"

"हातात रॅकेट आहे ना? तिने घ्यायचा! इथे मी जावई नाही रे, उजव्या बाजूचा म्हातारा आहे. माझा बॅकहँड तिथे पोचत नाही. प्रत्येक वेळी तू मला मान देतोस आणि प्रत्येक वेळी मी सगळ्या हॉलसमोर तोंडघशी पडतो. हा कसला मान?"

ओंकार हळू म्हणाला, "हे आधी बोलायचंत ना."

"तू विचारायचंस ना."

मी दोघांकडे बघितलं नाही. बोलायची बंदी होती मला. मी आपली तार ओढत राहिले, पण खोटं कशाला सांगू, ती तार कुठे भरत होते तेही मला कळत नव्हतं.

पाहुण्यांचा विटीदांडू एकदाचा संपला. विनायकने पिशवीतली दुसरी रॅकेट काढली आणि टायब्रेक सुरू झाला. आणि काय सांगू तुम्हाला, ओंकार खेळला! मधून आलेला प्रत्येक बॉल त्याने घेतला, "माझा!" असं ओरडून, पत्रे हादरतील असं. एकदा तर समोरून उंच बॉल आला तो अगदी विनायकच्या डोक्यावर. विनायक हात वर करून उभा. ओंकार मागून आला, उडी मारून तो बॉल भावोजींच्या डोक्यावरून घेतला आणि असा हाणला की केदार नुसता बघत राहिला. प्राची कोर्टच्या कडेच्या कठड्यापाशी उभी होती, ती किंचाळली.

पण सामना हरलो आपण. लिहायला जिवावर येतं, पण हरलो. नऊ-नऊ नंतर एक पॉइंट गेला, आणि मग सर्व्हिस विनायकची होती. पहिली जाळीत. दुसरी मारताना त्याचा खांदा वर गेलाच नाही, मला इथून दिसलं. तीही जाळीत.

ओंकारने जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. चौघं जाळीपाशी आले, हात मिळवले. आणि केदारने तिथेच, विनायकच्या देखत, विचारलं, "मग ओंकार, काय ठरलं तुझं?"

ओंकारने भावोजींकडे बघितलं. भावोजी जाळीच्या पट्टीकडे बघत होते. माझ्या जिभेवर शब्द आले होते. पंच खुर्चीवरून खाली उतरत होते, त्यांनी तिथूनच माझ्याकडे बोट केलं. मी ओठ दाताखाली धरले.

"येतो मी," ओंकार म्हणाला. भावोजींकडे न बघता. "यंदा तुझ्याबरोबर."

विनायकने मान वर केली. मला वाटलं आता काय बोलतो हा. तो म्हणाला, "प्राचीला मी सांगतो."

"नको भावोजी, ताईला मी सांगणार."

"अरे, माझी बायको आहे ती. मी समजावतो."

"माझी बहीण आहे. निर्णय माझा, तर मीच सांगायला हवं."

"तुला नाही जमणार, तू रडशील."

"तुम्ही रडाल!"

"मी इथे उभी आहे," कठड्यामागून प्राची म्हणाली. "दोघांचंही ऐकलं. आता बाजूला व्हा, पुढच्या सामन्यातली माणसं खोळंबलीत."

संध्याकाळी हॉल रिकामा होताना विनायक परत आला. चिरलेली रॅकेट टेबलावर होती. चौकट चिरली की आतली तार लगेच कापून टाकावी लागते, नाहीतर तिचा सगळा ताण त्या चिरेवर येतो नि चौकट वाकडी होते. मी कात्री उचलली होती. त्याने हात पुढे केला. "द्या, मी कापतो."

"मधून सुरुवात कर," मी म्हटलं, "म्हणजे ताण दोन्हीकडे सारखा सुटेल."

तो कापू लागला. एकेक तार टण्‌ टण्‌ करत सुटायला लागली. मी मशीन पुसत होते. मनात म्हटलं, आता हा नक्की आपली दुसरी सर्व्हिस काढून बसणार, खांदा काढणार, म्हातारपण काढणार, आणि मला याची समजूत घालत बसावं लागणार. घरी भाताला उशीर.

तो म्हणाला, "काकू, तो माझ्या डोक्यावरचा बॉल बघितलात?"

"बघितला."

"शिंच्याने माझ्या डोक्यावरून घेतला हो," विनायक म्हणाला. कात्री हातात तशीच धरून तो रिकाम्या कोर्टकडे बघत होता आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "विचारलंसुद्धा नाही!"